सीताफळाच्या बिया मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या तर? कुठल्या फळाची बी चालते आणि कुठली नाही

रंकाळाकाठ
कपिलतीर्थ मंडईत सीताफळं चांगली येऊ लागलीत, बासुंदीचा बेत आहे. किलोभर गर हातानं सुटा करायचा म्हणजे दोन तास गेले, म्हणून मिक्सरला लावावा म्हणते. दोन-चार बिया भरडल्या गेल्या तर बासुंदी टाकावी लागते का? शेजारच्या आजी म्हणतात की ती बी विषारी. दुसरीकडं व्हॉट्सअ‍ॅपवर पपईच्या बिया रोज चमचाभर खा म्हणून सांगतात. घरात चार वर्षांचं पोरगं आहे, ते चिकू बियांसकट तोंडात कोंबतं. शिवाय उन्हाळ्यात वाळवलेल्या फणसाच्या आठळ्या डबाभर पडून आहेत. नक्की काय खावं, काय नको?

बीजवाला
आजींचं बरोबर आहे. सीताफळाच्या बीत अ‍ॅसिटोजेनिन जातीची द्रव्यं असतात. पेशींना ऊर्जा देणारी यंत्रणाच ती बंद पाडतात, म्हणून किडे मरतात. उवा मारायला ही पूड डोक्याला चोळायची ती त्याचमुळं. तो उद्योग कुणी करू नका. पूड डोळ्यात उतरली की बुबुळाला जखम होते आणि डोळा दोन-तीन दिवस उघडत नाही. गेलीच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.

आख्खी बी चुकून गिळली तर घाबरायचं कारण नाही. काळं कवच इतकं टणक असतं की ती जशी गेली तशी बाहेर पडते. गोची होते ती कवच फुटल्यावर, आणि मिक्सरचं पातं नेमकं तेच करतं. गरात काळे कण दिसले की लोक ते वेचून काढतात आणि निश्चिंत होतात. पण विष काळ्या कवचात नाही, आतल्या पांढऱ्या मगजात आहे. पांढऱ्या गरात पांढरा मगज तुम्हाला दिसणार कसा? चाळणीतूनही तो खाली जातो. म्हणून बी भरडली गेलेला गर टाकून द्यायचा. दोन-चार बियांनी कुणी दगावणार नाही, पण पोटात आग आणि उलटी होऊ शकते, आणि ताटाला पोरगं बसणार आहे.

ताकाची रवी
ताई, मिक्सर नकोच. गर खोल पातेल्यात घ्या, त्यात दोन-तीन चमचे गार दूध घाला आणि लाकडी रवी अर्धा मिनिट हलक्या हातानं फिरवा. गर बियांना सोडतो. मग तीन-चार मिलिमीटर भोकांच्या स्टीलच्या चाळणीवर ओतून पळीच्या पाठीनं दाबा. बी दीड सेंटिमीटरची, ती वरच राहते. शेवटी चाळणीवर आणखी थोडं गार दूध फिरवलं की बियांना चिकटलेलाही उतरतो. किलोभराचं काम वीस मिनिटांत होतं. पिकलेलंच फळ घ्या, कच्चट असलं की गर बी सोडत नाही आणि सगळा वेळ तिथंच जातो.

आणखी एक. बासुंदी कडवट लागली की लोक म्हणतात, बी वाटली गेली. बऱ्याचदा दोष गरम दुधाचा असतो. सीताफळाचा गर तापला की कडू होतो. लिटरभर दूध आटवून निम्म्याच्या थोडं वर ठेवा, साखर त्यातच विरघळवा, फ्रीजमध्ये पार गार करा आणि वाढायच्या आधी अर्धा तास गर मिसळा. नंतर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही.

आठळ्या बिनधास्त खा, फक्त कच्च्या नको. कच्च्या आठळीत ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, म्हणजे प्रथिनं पचवणारा रस अडवणारा घटक. पोट फुगतं, कळा येतात. शिजवल्यावर तो निकामी होतो. वाळवलेल्या असतील तर रात्रभर भिजत घाला, ते पाणी फेका. वरचं पांढरं चिवट साल काढायचंच, वरवंट्यानं हलकं टिचवलं की सुटतं. आतलं तपकिरी पापुद्र्यासारखं साल राहिलं तरी चालतं. आठळ्या बुडतील एवढं पाणी आणि मीठ घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. एक मोडून बघा, मध्ये काचेसारखा कडक ठिपका दिसला तर अजून दोन. मग कांदा-लसूण चटणी घालून रस्सा करा, भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. निखाऱ्यात भाजणार असाल तर प्रत्येकीला सुरीनं चीर द्या, नाहीतर फटाक्यासारखी उडते. बुरशी आलेली किंवा वास बदललेली असेल तर धुऊन वापरायचा मोह नको.

चंदगडी
काजूला विसरलात काय रं सगळे? बोंडाच्या बुडाला लटकते ती बीच की. दुकानातला ‘कच्चा’ काजूसुद्धा आधी वाफवून किंवा भाजून मग फोडलेला असतो. झाडावरची बी दातानं फोडायला जाल तर ओठ सोलून निघतील. कवचाच्या दोन थरांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जागा असते, तिच्यात हे जाळणारं तेल असतं. बिब्बा, आंबा, काजू ही एकाच कुळातली भावंडं, म्हणून बिब्ब्यासारखाच काजूही उततो.

ओले काजूगर काढायचे तर हाताला खोबरेल फासा, हिरवी बी उभी चिरा, टोकदार काडीनं गर उचला. गर कोमट पाण्यात घातले की साल निघतं. काढताना डोळ्याला हात लावू नका. सुक्या बिया घरात तव्यावर भाजायच्या नाहीत, तेलाच्या धुरानं डोळे आणि घसा पेटतो. भाजायचंच तर उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून. आणि गंमत बघा, बिब्बा अंगाला लागला की फोड, पण त्याच्याच आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो.

रंकाळाकाठ
गोडंबी म्हणजे बिब्ब्याची बी, हे आजच कळलं! बरं, पोराच्या चिकूचं आणि पपईचं कुणी सांगेल का? चिंचोके पण राहिले.

सलाईन
चिकूच्या बीत विषापेक्षा आकाराची भीती. गुळगुळीत, चपटी, दोन सेंटिमीटरची आणि एका कडेला आकडी. घशातून सहज घसरते आणि आकडीनं अडकते. पाच वर्षांखालच्या मुलाला चिकू, सीताफळ, रामफळ, लिची, जांभूळ हे बी काढूनच द्या, आणि बसवून. पळत-हसत खाताना बी श्वासनलिकेत जाते.

अडकलीच आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढं वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोरकस थापा, मग मागून कवळून बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, आळीपाळीनं. दुसऱ्यानं तोवर 108 ला फोन करायचा. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, छातीवर दाब द्यायचा. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, बी आणखी खाली जाते. ठसका थांबला पण नंतर एकसारखा खोकला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज राहिला तर दवाखान्यात ‘बी गेल्याचा संशय आहे’ असं स्पष्ट सांगा. बी एक्सरेत दिसत नाही, त्यामुळं नुसता एक्सरे चांगला आला म्हणून घरी परतायचं नसतं.

खरी धास्ती मात्र फळबाजारातल्या नाही, कुंपणावरच्या बीची. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या पोरं खेळायला गोळा करतात. त्यातली बी हृदयावर जाते, नाडी मंदावते, ठोके चुकतात. चावल्याचा संशय जरी आला तरी उलटीची वाट बघायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही, सरळ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात. उरलेली बी सोबत न्या, डॉक्टरांना ओळखायला सोपं जातं.

बीजवाला
पपईची बी चावल्यावर मोहरीसारखी झणझणते, कारण द्रव्यही मोहरीच्याच जातीचं, बेंझिल आयसोथायोसायनेट. कधीतरी चार-पाच बिया चटणीत वाटल्या तर काही होत नाही. रोजचा चमचा मात्र कशासाठी? गरोदर बाईनं टाळाव्यात. मूल हवं असलेल्या पुरुषानंही, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत या बियांच्या अर्कानं शुक्राणू घटलेत. मिऱ्यात वाळलेल्या पपईच्या बिया मिसळतात, तेही सांगून ठेवतो: पाण्यात टाका, मिरी बुडते, पपईची बी तरंगते.

लक्ष्मणफळ सीताफळाचाच भाऊबंद. ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून त्याच्या पानांचा काढा पिणाऱ्यांनी जरा थांबावं. कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर ही फळं आणि काढे नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त दिसला, असा अहवाल 1999 साली आला. कारण पक्कं सिद्ध नाही, तरी बी आणि काढा दोन्ही सोडलेले बरे. लिचीची बी तर अजिबात नको, तिच्यात रक्तातली साखर पाडणारी द्रव्यं आहेत. मुजफ्फरपूरला 2014 मध्ये आजारी पडलेल्या मुलांच्या तपासात लिची आणि रात्रीचं जेवण चुकणं ही जोडी पुढं आली. म्हणजे गरही उपाशीपोटी भरमसाठ नको, आणि कच्चट लिची तर मुळीच नको. जांभळाच्या बीची पूड मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं, दोन्हींनी मिळून साखर जास्त उतरू शकते.

पेरू, डाळिंब, कलिंगड, खरबूज यांच्या बिया खुशाल खा.

चंदगडी
चिंचोके माझ्याकडं. कढईत वाळू तापवून त्यात साल तडकेपर्यंत भाजा, गरम असतानाच खलात हलकं कुटून लाल-तपकिरी साल पाखडून काढा. ते साल तुरट असतं, पोटात राहिलं तर बद्धकोष्ठ. पांढरा डाळिंब्यासारखा गर रात्रभर भिजवून मऊ होईतो शिजवा. न भिजवता चावाल तर दाताचा डॉक्टर गाठावा लागेल. सुताला खळ द्यायला याच चिंचोक्याचं पीठ वापरतात, घोंगडीलाही हेच. तेव्हा शिजवताना पाणी सढळ ठेवा, नाहीतर पातेल्यात भाजीऐवजी खळच तयार होईल.