तिसऱ्या: रेती निघते, जंतू निघत नाहीत

वर कुणीतरी लिहिलंय की घाट उतरून आणलेल्या तिसऱ्या (खाडीतल्या खायच्या शिंपल्या) रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की निर्धोक होतात. अर्धंच खरं. लिटरला ३० ग्रॅम जाडं मीठ घातलं तर ३-४ तासांत रेती सुटते, पण पाणी शिंपल्या जेमतेम बुडतील एवढंच. बादली भरली तर तळाचा प्राणवायू संपतो, शिंपल्या मिटून बसतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही त्यांना मारतं. आधी रात्रभर उघडं ठेवा.

सांडपाण्यातले जंतू, विषाणू असे जात नाहीत. त्यासाठी अतिनील दिव्याखालून फिरवलेलं खारं पाणी दीड-दोन दिवस लागतं, तरी विषाणू चिवटच. म्हणून खरा उपाय खाडीतच, स्वच्छ पाण्यातल्याच तिसऱ्या काढणं. युरोपात थेट विक्रीसाठी १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय (विष्ठेतले, सांडपाण्याची खूण सांगणारे जंतू) साधारण २३० पर्यंतच चालतात. जोरदार पावसानंतर सांडपाणी खाडीत उतरतं, तेव्हा काही दिवस तिसऱ्या काढूच नयेत. पंचगंगेतल्या शिंपल्यांनाही हाच न्याय, त्याही पाणी गाळूनच जगतात.

आणताना ओल्या गोणपाटात आणा, बंद पिशवीत नको. टिचकी मारूनही न मिटणारी फेकायची. शिंपली उघडल्यावर आणखी ४-५ मिनिटं उकळा. शिंपलीत साठलेलं विषारी शेवाळाचं विष मात्र उकळूनही जात नाही.