मदत हवी आहे: मॅनिटोबातल्या डुक्करपालकांचा कोट्याचा वाद, मत कुणाला देऊ?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा. नऊ वर्षं कॅनडात, मॅनिटोबामध्ये स्टाइनबाखच्या बाजूला एका डुक्करपालन फार्मवर आहे. बार्न धुण्यापासून सुरुवात केली. आता विणाऱ्या डुकरिणींचा विभाग माझ्याकडे आहे, आणि गेल्या वर्षी मालकांनी धंद्यात छोटी भागीदारी दिली. म्हणून पुढच्या मंगळवारी आमच्या भागातल्या उत्पादकांच्या बैठकीत मलाही मत आहे. ठराव असा, की दूध-कोंबडीसारखी सप्लाय मॅनेजमेंट डुकरांनाही लावा अशी सरकारकडे मागणी करायची.

इथे दूध, अंडी, कोंबडी, टर्की यांना कोटा आहे. देशात खपेल तेवढंच काढायचं, उत्पादनखर्च धरून भाव ठरतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या आयातीवर जबर शुल्क, लोण्यावर 298.5 टक्के. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग आपल्या साखरेसारखंच की. महिन्याला किती विकायची तो कोटा दिल्लीतनंच येतो." थोडं तसंच. पण ऊस किती लावायचा हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, इथे तेही ठरतं.

मालक ठरावाच्या बाजूने आहेत. सत्तरी ओलांडलीय त्यांनी. 1996 पर्यंत मॅनिटोबातली डुकरं एकाच मंडळामार्फत विकली जायची. ती सक्ती उठली आणि 1998 च्या डिसेंबरात भाव कोसळला. त्या महिन्याची विक्रीची पावती त्यांनी ऑफिसात कॅलेंडरशेजारी टाचून ठेवलीय. कागद पिवळा पडलाय, आकडा अजून वाचता येतो. खाद्याचे पैसेही निघाले नव्हते. आणि त्यांचं म्हणणं मला रोज बार्नमध्ये दिसतं: डुकरीण 114 दिवसांनी विते, पिलू विक्रीच्या वजनाला यायला आणखी जवळपास सहा महिने. आज रेतन केलेल्या माद्यांचा माल दहा महिन्यांनी बाजारात जाणार. मधे भाव पडला म्हणून पोटातली पिलं थांबतात होय?

त्यांचा पुतण्या कडाडून विरोधात आहे. कॅनडातलं सुमारे 70 टक्के डुकराचं मांस बाहेर जातं. कोटा देशी खपावर बांधला तर निम्म्याहून जास्त बार्नना कुलूप लागेल, असं तो म्हणतो. यावर मालक विचारतात, निर्यातीत तरी कुठे सुख आहे? चीनने 2019 मध्ये काही महिने आयातच थांबवली, 2025 च्या मार्चमध्ये 25 टक्के शुल्क लावलं. रविवारी दोघं एका टेबलाला जेवत नाहीत हल्ली. हिशोब मला मालकांनी शिकवला, अडलेली डुकरीण कोपरापर्यंत हात घालून कशी सोडवायची ते पुतण्याने. मला दोघंही घरचेच आहेत.

मला विचारायचंय ते असं. देशी खपापुरता कोटा आणि निर्यातीचा माल मोकळा, असं जमू शकतं का? आणि कोटा आलाच, तर माझ्यासारख्या नवख्याचं काय होतं?

गुएल्फकर:
मी ऑन्टारिओत दूधवाल्यांचे हिशोब बघतो. तुमचा पहिला प्रश्न दुधाने करून पाहिलाय. देशात एक भाव, निर्यातीला दुसरा. अमेरिका आणि न्यूझीलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि 2002 मध्ये ती निर्यात अनुदानित, म्हणजे नियमबाह्य ठरली. डुकरांचं तसं झालं तर 70 टक्के मालाचं करायचं काय?

दुसरं, कोटा पहिल्यांदा वाटतात तेव्हा आत असलेल्यांना मिळतो, नंतरच्यांनी विकत घ्यायचा. इथे दुधाच्या कोट्याची कमाल किंमत रोजच्या एका किलो बटरफॅटमागे (दुधातल्या स्निग्धांशामागे) 24,000 डॉलर आहे. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एका गाईचं दिवसाचं. 60 गाईंचे 14 लाख झाले, जमीन आणि गोठा वेगळाच. तुमची भागीदारी नक्की कशात आहे ते आधी बघा.

रानवारा:
मालकांना कोटाच हवाय की एकट्याने विकायचं नकोय? दोन्ही एक नाही. क्वेबेकमध्ये डुकरांना दुधासारखी पद्धत नाही, पण उत्पादकांची संघटना सगळ्यांच्या वतीने कत्तलखान्यांशी करार करते. तिथेही सगळं आलबेल नाही. 2023 मध्ये मोठा कत्तलखाना बंद झाला आणि डुकरं कमी करायची वेळ आली. पण पडत्या भावात एकेकाला गाठून पाडून मागणं तरी कमी होतं.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मालकांना 2002 चं सांगितलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंडळ होतं तेव्हासुद्धा कोटा नव्हताच. विकायला एकजण होता, एवढंच." पुतण्याही एकत्र विकण्याचं ऐकून घ्यायला तयार आहे, सक्ती नसेल तर. तेव्हा ठरावाला विरोध न करता दुरुस्ती सुचवायची असं मनात आहे: कोट्याऐवजी एकत्रित विक्रीचा करार.

भागीदारीचा कागद काढून बघितला. माझा हिस्सा वार्षिक नफ्यात आहे, कळपात किंवा इमारतीत नाही. वकिलाची वेळ घेतलीय.

क्वेबेकच्या त्या करारात भाव कशावर ठरतो, हे कुणी सोप्या भाषेत सांगू शकेल का? बैठक मंगळवारी आहे, व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल.