तेव्हा न आवडलेला सायफाय सिनेमा मुलांसोबत पाहिलात का? अनुभव लिहा

२०११च्या दिवाळीत 'रा.वन' आला तेव्हा मी कॉलेजात होते. एवढा गाजावाजा, आणि गोष्ट काय, तर व्हिडिओ गेममधला खलनायक बाहेर येतो! आमचा अख्खा ग्रुप वैतागून बाहेर पडला होता. गेल्या दसऱ्याला दसरा मैदानावरचं रावणदहन बघून घरी आलो आणि नऊ वर्षांच्या लेकीनं हट्टानं हाच लावायला लावला.

तिचं सगळं लक्ष सिनेमातल्या बापाकडे, शेखरकडे. मुलाला खलनायकच आवडतात म्हणून शेखर हरवायला महाकठीण असा खलनायक तयार करतो आणि त्याच्याच हातून मरतो. मग शेखरच्याच चेहऱ्याचा, गेममधला नायक जी.वन येतो. "आई, पण हा त्याचा बाबा नाहीये ना?" हे तिनं इतक्या काळजीनं विचारलं की पुढचा सिनेमा मी त्याच काळजीनं पाहिला. शेवटी रा.वनची दहा रूपं समोर उभी राहतात आणि त्यात सावली फक्त खऱ्याची पडते. लेकीनं उठून टीव्हीवर नेमकं त्या सावलीवर बोट ठेवलं. त्यातले विनोद मला आजही खटकतात, पण बाप-लेकाची गोष्ट अस्सल आहे आणि तेवढ्यासाठी हा सिनेमा मुलांना जरूर दाखवावा.

तुमचा कोणता? तेव्हा काय खटकलं आणि मुलांमुळे काय दिसलं, सविस्तर लिहा.

लोकमान्यनगरातले एक मामा:

सावलीवरून आमच्याकडे भाच्यांचं जोरदार भांडण झालं. मोठा म्हणे, उन्हात सगळ्यांची सावली पडतेच. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात असा एकेक दिवस येतो की सूर्य बरोबर डोक्यावर असतो. जुलैत ढगांचा भरवसा नाही, म्हणून जूनमध्येच दोघांना गच्चीवर नेलं. पोह्यांचा स्टीलचा उभा डबा उन्हात ठेवला. साडेबाराच्या सुमारास सावली आखडत आखडत डब्याच्या बुडाखाली गेली. धाकटा म्हणाला, "मामा, आत्ता रा.वन आला तर ओळखायचा कसा?" सिनेमा मला पूर्वी बालिश वाटला होता. ज्यातून असा प्रश्न निघतो त्याला मी आता बालिश म्हणणार नाही.

सुदामानगरातली एक आई:

'स्टार वॉर्स' मालिकेतला 'द फँटम मेनेस', १९९९चा. आमच्याकडे फारसं काही बदललं नाही. मुलांना पॉडरेस, म्हणजे त्यातली वेगवान यानांची शर्यत, बेहद्द आवडली, तेवढीच मागे नेऊन परत परत पाहिली. सिनेटमधली भाषणं सुरू झाली की दोघं पाणी प्यायला उठायचे. मीही.

रामबागेतले एक आजोबा:

'२००१: अ स्पेस ओडिसी', दिग्दर्शक क्युब्रिकचा, १९६८चा. सुरुवातीची सुमारे पंचवीस मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही, आणि तरुणपणी माझी तक्रार हीच होती. माझ्या सहा वर्षांच्या नातवाला इंग्रजी समजत नाही. ह्या सिनेमात मात्र तो कुठेच मागे पडला नाही, कारण समजायचं ते सगळं डोळ्यांसमोर होतं. वानर हाड आकाशात भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी तिथे अवकाशयान असतं, तिथे त्यानं माझा हात धरला. "आबा, परत!" परत लावलं. यानावरचा हॅल हा संगणक ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखतो, हे बारा वर्षांच्या नातीनं समजावून सांगितल्यापासून दोघं तोंडावर हात धरून कुजबुजतात.

शेवटावरून आम्ही मित्र वर्षानुवर्षं वाद घालत आलो. त्यातल्या अंतराळवीराबद्दल नातू सरळ म्हणाला, "तो म्हातारा झाला, मग बाळ झाला." पडद्यावर दिसतं ते एवढंच, आणि त्याला ते पुरलं. नातीला पुरलेलं नाही. का झाला, कोणी केला, असं ती जेवतानाही विचारते. तिच्यासाठी आर्थर क्लार्कची याच नावाची कादंबरी कपाटातून काढून ठेवली आहे. इंग्रजी अवघड जाईल तिथे मी शेजारी बसेन.