मदत हवी आहे: इंग्लंडच्या ऑल-वेदर रेसमधल्या घोड्याचा फॉर्म कसा वाचायचा? (०१२-८७६)

साखळीकर:

नमस्कार मंडळी. गोव्यात रेसकोर्स नाही, त्यामुळे साखळीत काय नि पणजीत काय, हे विचारायला माणूस सापडत नाही. म्हणून इथे धागा काढतोय.

माझा भाचा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यात काम शिकला आणि आता इंग्लंडमध्ये एका ट्रेनरकडे वर्क रायडर, म्हणजे घोड्यांना रोजचा सराव देणारा स्वार आहे. त्याच्याकडे सोपवलेल्या घोड्यांपैकी पाच वर्षांच्या एका गेल्डिंगवर (खच्ची केलेल्या घोड्यावर) त्याचा फार जीव आहे, आणि त्याच्यामुळे आम्हा सगळ्यांचाच जडलाय. हिवाळ्यात तिकडची संध्याकाळी सहाची रेस म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, तोवर जागी असते.

हिवाळ्यात तो ऑल-वेदर, म्हणजे कृत्रिम पृष्ठभागाच्या कोर्सवर धावतो. नोव्हेंबरात घोडा लिंगफील्डला जिंकला, डिसेंबरात केम्प्टनला दुसरा आला. नवीन वर्ष लागल्यापासून मात्र वुल्वरहॅम्प्टनला आठवा, साउथवेलला सातवा, न्यूकासलला सहावा. रेसकार्डावर नावाशेजारी ०१२-८७६ असे आकडे येतात. पहिलं शून्य सप्टेंबरातल्या हिरवळीवरच्या रेसचं, म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागे, आणि आडवी रेघ म्हणजे वर्ष बदललं, एवढं मला कळलंय. बहिणीने हे आकडे बघून ठरवूनच टाकलं की घोडा संपला, आता मालक विकणार आणि पोराचं मन मोडणार.

भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, तबेल्यातली माहिती बाहेर द्यायची नाही असा नियम आहे. कार्डावर नि व्हिडिओत दिसतं तेवढंच बघा." त्याचं बरोबर आहे आणि तो नियम पाळतो याचा मला अभिमान वाटतो. तेव्हा जे उघड आहे तेवढ्यावरून समजून घ्यायचं आहे. पैसे लावायचे नाहीत, कृपया टिपा देऊ नका.

मी जमवलेली माहिती अशी. सगळ्या रेसेस मैलाच्या किंवा किंचित जास्त अंतराच्या. लिंगफील्डला रेटिंग (कुवतीचा अधिकृत आकडा, जितका जास्त तितकं पाठीवर वजन जास्त) ६१ होतं, तिथे पुढच्या घोड्याच्या पाठी बसून शेवटी निघाला. केम्प्टनला रेटिंग ६६, अर्ध्या लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरला. वुल्वरहॅम्प्टनला ६७, बारा घोडे, गेट (सुरुवातीचा कप्पा, १ सगळ्यात आतला) ११, सहा लेंग्थ मागे. साउथवेलला ६६, आठच घोडे, गेट ३, अकरा लेंग्थ मागे. न्यूकासलला ६४, तीन लेंग्थ मागे. आता रेटिंग ६३ वर आलंय.

घोडा खरंच उतरणीला लागला आहे की कोर्स, गेट, वजन यांचा हा खेळ आहे? आणि हे ओळखायचं कसं?

जुना पुणे रेसकर:

साखळीकर, तुम्ही लेंग्थ आणि रेटिंग दिलंत म्हणून बोलता तरी येतं. नुसत्या ८७६ वरून काहीच सांगता आलं नसतं. तीन लेंग्थने सहावा आणि आठ घोड्यांत अकरा लेंग्थने सातवा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिथे एक रेटिंग म्हणजे एक पौंड वजन. आपल्याकडे एका रेटिंगला अर्धा किलो धरतात, जवळपास तेवढंच. मैलाच्या रेसमध्ये एक लेंग्थ म्हणजे साधारण दोन पौंड. पाच फर्लांगला (आठ फर्लांगांचा एक मैल) तीन धरा, दीड मैलाला दीड. विजेता आपल्या रेटिंगला धावला असं मानलं, तर केम्प्टनला तुमचा घोडा ६६ वजा १ म्हणजे ६५ चा धावला. वुल्वरहॅम्प्टनला ६७ वजा १२, म्हणजे ५५. साउथवेलला ६६ वजा २२, म्हणजे ४४. न्यूकासलला ६४ वजा ६, म्हणजे ५८. हा कच्चा हिशोब झाला. आता प्रत्येक आकड्यामागचं कारण शोधायचं, आणि खरं काम तेच.

न्यूकासलचा विजेता पुढे काय करून आला ते बघा. तो वाढलेलं वजन घेऊनही पुन्हा जिंकला असेल, तर त्या दिवशी तो आपल्या रेटिंगच्या बराच वर धावला होता, आणि मग त्याच्यामागच्या सगळ्यांचे आकडे वर सरकतात. मी पुण्यात पावसाळी सीझनला हे वर्षानुवर्षं केलंय. चांगल्या रेसमधला सहावा घोडा फालतू रेसमधल्या दुसऱ्यापेक्षा कित्येकदा भारी निघतो.

सप्टेंबरातलं शून्य मात्र बाजूला ठेवा. इंग्लंडचा हँडिकॅपर, म्हणजे रेटिंग ठरवणारा अधिकारी, हिरवळीचं आणि ऑल-वेदरचं रेटिंग वेगळं ठेवू शकतो, आणि त्याला कारण आहे. मॅटिंगवर धावा काढणारा फलंदाज टर्फवर चाचपडतो, तसे काही घोडे एकाच पृष्ठभागाचे असतात.

स्विंडनकर:

मी मूळचा बार्देशचा. स्विंडनला आपले गोंयकार भरपूर आहेत, त्यातले आम्ही काहीजण हिवाळ्यात केम्प्टनला आणि लिंगफील्डला जातो. जुन्या रेसकरांनी हिशोब मांडलाय, मी कोर्सचं सांगतो. ऑल-वेदरमध्ये निम्मं गणित तिथेच असतं, असं माझं ठाम मत आहे.

ऑल-वेदर हा एकच पृष्ठभाग नाही. लिंगफील्ड, केम्प्टन आणि चेम्सफर्डला पॉलिट्रॅक आहे. वुल्वरहॅम्प्टन (२०१४ पासून), न्यूकासल (२०१६ पासून) आणि साउथवेल (२०२१ च्या डिसेंबरपासून) इथे टॅपेटा. दोन्हींत वाळू, धागे आणि वर मेणाचा लेप, पण मिश्रण वेगळं. साउथवेलला आधी फायबरसँड होती, खोल आणि दमछाक करणारी, त्यामुळे तिथल्या जुन्या निकालांवरून आजच्या साउथवेलबद्दल निष्कर्ष काढू नका. आता तुमच्या घोड्याचं बघा: १ आणि २ दोन्ही पॉलिट्रॅकवर, ८, ७, ६ तिन्ही टॅपेटावर. वर्ष बदललं त्याच वेळी पृष्ठभागही बदलला. कार्डावरची ती आडवी रेघ बघून बहिणीला वाटलं घोडा बदलला.

तरी लगेच "टॅपेटा आवडत नाही" असा शिक्का मारू नका, कारण कोर्सचा आकारही बदललाय. लिंगफील्ड डाव्या हाताचा, शेवटच्या वळणाकडे उतार आणि पुढे छोटा स्ट्रेट, म्हणजे शेवटचा सरळ भाग. तिथे जागा धरून बसणारा, पटकन वेग घेणारा घोडा लागतो. केम्प्टन उजव्या हाताचा, मैलाची रेस बाहेरच्या लूपवर, स्ट्रेट लांब. वुल्वरहॅम्प्टन म्हणजे जेमतेम मैलभराचं घट्ट लंबवर्तुळ. न्यूकासलचा मैल अख्खा सरळ, वळणच नाही, आणि शेवटी दमाचा कस लागतो. दोन अगदी वेगळ्या आकारांच्या पॉलिट्रॅकवर तो चांगला धावला, ही मला त्याच्या बाजूने मोठी गोष्ट वाटते.

वुल्वरहॅम्प्टनचा व्हिडिओ पुन्हा बघा, फक्त वळणावर नजर ठेवून. गेट ११ वरून निघून आत शिरता आलं नाही तर घोडा पूर्ण वळसा बाहेरून मारतो. अर्धवर्तुळात रेलिंगपासून एक मीटर बाहेर धावलं की ३.१४ मीटर जास्त पडतात. दोन मीटर बाहेर असला तर सव्वासहा मीटर, आणि एक लेंग्थ साधारण २.४ मीटरची. म्हणजे अडीच लेंग्थ, पाच पौंड, नुसते वळणात गेले. तसं घडलं असेल तर त्याचे ५५ म्हणजे खरे ६०. लिंगफील्डला जिंकला तेव्हाच्या ६१ च्या अगदी जवळ.

रेसचा पेसही बघा. ऑल-वेदरवर पुष्कळ रेसेस संथ सुरू होतात आणि शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत स्प्रिंट होते. तशा रेसमध्ये मागे अडकलेला घोडा कितीही जोरात आला तरी पोचत नाही. सेक्शनल टाइम, म्हणजे रेसच्या तुकड्या-तुकड्यांचे वेळ, मिळाले तर विजेत्याचे आणि आपल्या घोड्याचे शेवटचे दोन फर्लांग ताडून बघा.

फोंड्याचा पशुवैद्य:

वरचं सगळं पटलं, पण साउथवेलचे ४४ कोणी समजावून सांगितले नाहीत. गेट चांगला, घोडे कमी, आणि अकरा लेंग्थ मागे. याला गेट किंवा वळणाचं कारण देऊन चालणार नाही.

दोन गोष्टी तपासा. पुढच्या घोड्यांच्या खुरांनी उडालेली वाळू मागच्यांच्या तोंडावर येते, तिला किकबॅक म्हणतात. काही घोडे ती लागताच डोकं वर करतात, कान मागे टाकतात, जॉकीने ढकललं तरी पुढे घुसत नाहीत. व्हिडिओत हे नीट दिसतं. न्यूकासलला सरळ मैलावर तो बाजूला मोकळा धावला असेल आणि तिथे सुधारला असेल, तर हा संशय बळावतो.

दुसरं, त्या रेसचा स्ट्युअर्ड्सचा (रेसच्या पंचांचा) अहवाल वाचा, तो सगळ्यांना खुला असतो. नाकातून रक्त, लंगडणं, पशुवैद्याची तपासणी अशी नोंद झाली असेल तर तिथे सापडेल. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल तर २०१८ पासून ती कार्डावर जाहीर करावीच लागते. आधीच्या रेसनंतर किती दिवसांनी पळवला तेही बघा. लांब प्रवास आणि जोरदार रेस यातून काही घोडे आठवड्यात सावरतात, काहींना तीन आठवडे लागतात.

साखळीकर:

तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद बहिणीला मोठ्याने वाचून दाखवले. मग दोघांनी बसून सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले.

वुल्वरहॅम्प्टनला तो खरंच बाहेरच अडकला होता, त्याच्या आत सतत दोन घोडे होते. न्यूकासलचा विजेता पुढच्याच रेसमध्ये पाच पौंड जास्त घेऊन जिंकलाय, म्हणजे रेसकर काकांच्या हिशोबाने आपला घोडा तिथे ५८ नव्हे, ६३ चा धावला, बरोबर ना? न्यूकासलला तो कडेने धावत होता आणि समोर कोणी नव्हतं. साउथवेलला मात्र वळणाआधी चारही बाजूंनी कोंडला गेला आणि मान वर करून धावत होता. ही रेस वुल्वरहॅम्प्टननंतर आठवड्याच्या आतच झाली होती. अहवालात फक्त तपासणीत काही आढळलं नाही एवढीच ओळ आहे.

म्हणजे ६०, ४४, ६३. एकच रेस वाईट, बाकी दोन ठीक. बहीण आता आधी "किती लेंग्थ?" असं विचारते, नंबर नंतर.

पुढच्या आठवड्यात त्याची लिंगफील्डला मैलाची एंट्री दिसतेय, रेटिंग ६३, आणि पहिल्यांदाच चीकपीसेस (लगामाच्या गालपट्ट्यांवरच्या लोकरी पट्ट्या) लावणार असं लिहिलंय. हे चांगलं लक्षण समजायचं का?

जुना पुणे रेसकर:

६३ बरोबर काढलंत. चीकपीसेसकडे मी एवढ्यावरून चांगलं किंवा वाईट म्हणून बघणार नाही. घोड्याचं लक्ष बाजूला जातं असं ट्रेनरला वाटलं की तो लावतो. काही घोडे त्याने पहिल्याच रेसला उजळतात, काही सुरुवातीलाच जास्त ओढून दम घालवतात. शिकाऊ जॉकी असेल तर त्याची वजनाची सूट बघा, तीन, पाच किंवा सात पौंड. मैलाला पाच पौंड म्हणजे अडीच लेंग्थ, पण त्या पोराला लिंगफील्डचं वळण माहीत असायला हवं.

स्विंडनकर:

पॉलिट्रॅकवर परत, जिंकलेल्याच कोर्सवर, जिंकला होता त्यापेक्षा दोनच पौंड वर. कार्डावर नावाजवळ सीडी दिसेल, म्हणजे याच कोर्सवर याच अंतराला जिंकलेला. मला एंट्री आवडली. पण पुढे जायला आवडणारे आणखी किती घोडे आहेत त्यावर फार अवलंबून आहे. तीन-चार असतील तर पेस जोरात जाईल आणि पाठीवर बसणाऱ्या तुमच्या घोड्याला ते सोयीचं. एकच असेल तर तो आरामात पुढे जाऊन छोट्या स्ट्रेटवर सापडणारच नाही.

तिथे फ्लॅट रेसच्या अंतिम नोंदी ४८ तास आधी पक्क्या होतात आणि गेटही तेव्हाच कळतो. ती यादी आली की इथे टाका. प्रत्येकाच्या मागच्या तीन रेसेस बघून कोण पुढे जाणार ते मी लिहून देतो.

साखळीकर:

नक्की टाकतो. देव बरें करूं.