जुनी ऑक्टाव्हिया आरएस ‘प्रोजेक्ट’ म्हणून विद्यार्थ्याने घ्यावी का?

गंगापूररोडकर

‘नव्या हॅचबॅकच्या निम्म्या पैशांत जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घे, सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे काम कर, वर्षभरात दीडशे अश्वशक्तीची गाडी दारात उभी राहील’ असा सल्ला काल या मंचावर एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला देण्यात आला आणि बहुतेकांनी त्याला माना डोलावल्या. तो वाचून मला गप्प बसवेना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी उत्तम आहे, याविषयी माझा वाद नाही. १.८ लिटरचे वीस व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स ही जोडी आजही कसारा घाटात चालकाला सुखावते. परंतु वीस वर्षांच्या टर्बो गाडीत लोखंड टिकते. रबर आणि प्लॅस्टिक टिकत नाही. इनटेक मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या, नळ्या बोटाने दाबल्या की चहात न बुडवलेल्या खारीसारख्या तुटतात. तेथून हवा ओढली जाते, आयडलिंग डळमळते आणि विकणारा म्हणतो, ‘फक्त एक सेन्सर बदलायचा आहे.’ टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरावे, कारण या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचे हेड उतरवावे लागते. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो. तो त्याच वेळी बदलला नाही, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

मध्यंतरी एका परिचितासाठी अशीच एक गाडी पाहिली. रंग आरशासारखा होता, पण कूलंटच्या टाकीचे झाकण उघडले तेव्हा आत मूळच्या गुलाबी कूलंटऐवजी तपकिरी, चिकट गाळ होता. कोणीतरी मिळेल ते हिरवे कूलंट त्यात ओतले होते. बूटमधला गालिचा उचलला, तर डाव्या बाजूचे कारखान्यातले स्पॉट वेल्ड गायब होते आणि त्या जागी पुट्टीचा जाड थर होता, म्हणजे गाडी ठोकलेली होती. विद्यार्थ्याला हे कोण दाखवणार?

शिवाय कागद आहेत. २००५ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२० मध्येच संपली. पुढचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे असते, १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी दहा हजार, त्याखेरीज फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण एनओसीशिवाय पेठ रोडच्या आरटीओत फाईल हलत नाही.

सातपूरचा टर्नर

आपण नाशिकमध्ये राहून असे लिहावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. ज्या शहरात बॉशच्या कारखान्यात इंजेक्टरची नोझल मायक्रॉनच्या हिशेबाने घडतात, महिंद्राच्या गाड्या बनतात आणि सातपूर-अंबडच्या प्रत्येक गल्लीत लेथ फिरते, तेथे एक जुने इंजिन उभे राहणार नाही, असे आपण एका होतकरू मुलाला सांगता?

माझ्या पुतण्याने घरातली बंद पडलेली पालिओ १.६ उभी केली. शंभर अश्वशक्तीची ती गाडी आजही कोणाला हलकी जात नाही. सस्पेन्शनचे बुश बाजारात मिळेनात, तेव्हा आम्ही ते शॉपमध्ये टर्न केले. हेडचे फेसिंग ओळखीच्या कारागिराने केले आणि व्हॉल्व्हचे लॅपिंग, म्हणजे ते घासून नीट बसवणे, त्या मुलाने रात्री जागून स्वतःच्या हाताने केले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याला क्लिअरन्सविषयी, म्हणजे भागांमधल्या फटीविषयी, विचारले, तेव्हा तो पुस्तकातले नव्हे, फीलर गेजने स्वतः मोजलेले बोलला. हे शिक्षण कोणते महाविद्यालय देते? गाडी बिघडलेली असते म्हणूनच ती प्रोजेक्ट असते. आपण दिलेली यादी हा मला अभ्यासक्रम वाटतो.

गंगापूररोडकर

पालिओचे इंजिन टर्बो नाही, हा फरक आपण सोयीस्करपणे विसरलात. बुश लेथवर होतो. इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, ठिणगी देणारे कॉइल पॅक आणि टर्बोचा गाभा म्हणजे कार्ट्रिज लेथवर होत नाही. सातपूरच्या कारागिरीला माझा नमस्कारच आहे, परंतु त्या मुलाला काका टर्नर नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

इंदिरानगर ९५

आपण दोघेही बेल्ट आणि बुशवर भांडता आहात आणि जे रोज टाकीत जाते त्याबद्दल चकार शब्द नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या जुन्या गाड्यांसाठी बनलेलेच नाही. नव्या गाड्यांमध्ये ई-२० ला चालणारे साहित्य एप्रिल २०२३ पासून आले; २००५ च्या गाडीच्या इंधननळ्या आणि सील त्याआधीच्या काळातले आहेत. प्रोजेक्ट गाडी महिनोन् महिने उभी असते, इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि ते फार साचले की इथेनॉलसह खाली बसते. माझ्या गाडीचा इंधनपंप याच कारणाने गेला, असे माझे ठाम मत आहे, आणि पंपावर मला साधे पेट्रोल निवडण्याची सोय नाही. पैसे आमचे, इंजिन आमचे, आणि प्रयोग मात्र दुसऱ्याचा, हे मला मान्य नाही.

निफाडचा ऊसवाला

हा ‘दुसरा’ कोण, ते स्पष्ट लिहावे. तो मी आहे. आमच्या भागातल्या कारखान्याची चाके थांबली, तेव्हा तोडणीला आलेला ऊस आम्ही मिळेल त्या भावाने लांबच्या कारखान्यांना दिला. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा लवकर येतो आणि उसाचे बिल वेळेवर मिळण्याची आशा राहते. तुमच्या हौशीच्या गाडीची एक नळी महत्त्वाची आणि आमच्या मुलांची फी बिनमहत्त्वाची, असा हिशेब शहरातच होऊ शकतो.

इंदिरानगर ९५

कृपया भावनेचे राजकारण करू नका. मी शेतकऱ्याविरुद्ध एक शब्दही लिहिलेला नाही. मी दोन नोझल मागतो आहे, एक मिश्रणाचे आणि एक साधे. त्यात आपल्या उसाचे काय जाते?

निफाडचा ऊसवाला

दोन नोझल झाली की खप घटेल, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. आणि पंप इथेनॉलने गेला, हे आपण उघडून पाहिले का? तळाशी गंज होता की नुसता कचरा?

द्वारका डिझेल

आवाज खाली आणून आकडे पाहू. इथेनॉलमधली ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. ई-० साठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्के घटेल, असा अंदाज निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला आहे. दुसऱ्या बाजूला, इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते, आणि टर्बो इंजिनाला नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, टाळण्यासाठी तेच हवे असते. त्यामुळे इंदिरानगरकरांचे सील आणि साठवणुकीबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याने इंजिनच मरते असे नाही. नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या बसवाव्यात आणि गाडी दीर्घकाळ उभी करताना जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये. हा खर्च प्रोजेक्टच्या हिशेबात धरायचा असतो. त्यासाठी शेतकऱ्याशी भांडण्याची गरज नाही.

सातपूरचा टर्नर

मूळ प्रश्नाकडे येतो. गंगापूररोडकरांचे ईसीयूबद्दलचे म्हणणे मी मान्य करतो, इच्छा नसताना करतो. पण मग मुलाने मूळ दीडशे अश्वशक्तीवर समाधान मानावे, शक्ती वाढवण्यासाठी ईसीयूचा रीमॅप आणि मोठ्या एक्झॉस्टच्या मागे लागू नये, एवढे तरी आपण सांगायला हवे होते.

गंगापूररोडकर

ते सांगायचे राहिले नाही, पुढच्या उत्तरासाठी ठेवले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी उघड होतो, तेव्हा समोरच्या जखमी माणसाचा प्रश्नही उभा राहतो. सिंहस्थाच्या कामांसाठी निम्मे शहर खणलेले असताना वाढवलेली शक्ती वापरणार कोठे, हेही विचारावेसे वाटते. मूळ अवस्थेतली, बिलांसह, एकाच मालकाकडची गाडी असेल आणि खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला असेल, तर माझा विरोध उरत नाही. तशी गाडी मात्र त्या मुलाच्या बजेटमध्ये येत नाही.

पंचवटी मेकॅनिकल

ज्याच्यावरून ही चर्चा सुरू झाली तो विद्यार्थी मीच. सर्वांचे वाचले. टोकन अजून दिलेले नाही. गाडी शनिवारी पाहायला जाणार आहे. विकणारा म्हणतो की आरसी वैध आहे आणि बेल्टचे बिल ‘कुठेतरी घरात’ आहे. टर्नरकाका, आपण सोबत याल का?

सातपूरचा टर्नर

येतो. सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज माझ्याकडे आहे. मालकाला आजच फोन करून सांग की आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो धूर येतो तो आपल्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचा आहे. आणि गंगापूररोडकर, बूटमधला तो गालिचा उचलायला आपणही यावे.

गंगापूररोडकर

सकाळी नऊच्या आत असेल तर येईन. बिल सापडले नाही, तर बेल्ट, पंप आणि मजुरी किमतीतून वजा करूनच बोलणी करायची, ही माझी अट आहे.