सत्य उघडकीस कोण आणते: काळ की जिज्ञासा?

अनिमिष (धाग्याची सुरुवात)

'थांबा, काळच काय ते ठरवेल' असे आपण अगदी सहज म्हणून जातो. या समजुतीविषयी मला मनापासून शंका आहे, कारण काळाच्या हवाली केलेली गोष्ट बहुधा झिजते आणि पुसली जाते. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणवले, तेव्हा त्यांवरचा लेख शाबूत होता, परंतु तो वाचू शकणारे कोणीही उरलेले नव्हते. अखेर १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ती ब्राह्मी लिपी उलगडली. सांचीच्या दगडी कठड्यांवरील छोट्या लेखांच्या नकला समोर ठेवून पाहताना त्यांच्या लक्षात आले की, लेख निरनिराळे असले तरी बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. कठड्याच्या प्रत्येक भागावर वेगळा लेख असेल, तर ती दान देणाऱ्यांची नावे असावीत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा तर्क त्यांनी केला. 'द' आणि 'न' हाती लागले आणि पुढची वाट मोकळी झाली. ती अक्षरे त्या दगडावर दोन हजार वर्षे उघड्यावरच होती.

सबुरी

मी असहमत आहे, आणि आपल्याच उदाहरणावरून. जिज्ञासा फिरोजशाहालाही होती. त्याने जाणकारांना बोलावून तो लेख वाचून घेण्याचा प्रयत्न केल्याचे त्या काळच्या इतिहासात नमूद आहे. मग सत्य त्याला का गवसले नाही? विचारणारा असला तरी उत्तराची साधने जमून यावी लागतात, आणि ती जमायला काळच जावा लागतो. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञांनी खंड सरकतात हे १९१२ मध्ये मांडले, त्यासाठी किनाऱ्यांचे आकार, खडक आणि जीवाश्म यांचे पुरावे गोळा केले, तरीही बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मानले नाही आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर त्यांचा मृत्यू झाला. समुद्रतळाचा अभ्यास पुढे जाऊन त्यांचे म्हणणे स्वीकारले जाण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले. त्यांच्या जिज्ञासेत काय उणे होते, हे मला कोणी सांगावे.

मीमांसक

सबुरी यांचा मुद्दा वजनदार आहे, परंतु समुद्रतळ आपण होऊन वर आला नाही. त्याची मापे घेण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे जहाजांवर राबली. नुसत्या काळाने काय होते हे पाहायचे असेल तर 'पिल्टडाउन मानव' पाहावा. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये कवटीचे काही तुकडे व जबडा जाहीर झाला आणि मानवाचा आद्य पूर्वज म्हणून त्याची वाखाणणी झाली. ती हाडे संग्रहालयात सांभाळून ठेवलेली होती, आणि १९५३ मध्ये लबाडी सिद्ध झाली ती कोणीतरी दात पुन्हा निरखून पाहिले म्हणून. जबडा ओरांगउटान या वानराचा होता, दाढा माणसाच्या वाटाव्यात म्हणून घासून सपाट केलेल्या होत्या आणि घासल्याचे ओरखडे दिसत होते. जुनेपणाचा रंगही वरून चढवलेला होता. हे ओरखडे पहिल्या दिवसापासून तिथेच होते. एकेचाळीस वर्षे काळ त्यांच्याशेजारी नुसता बसून होता.

सबुरी

त्याच हाडांकडे १९१२ मध्ये पाहणारे विद्वान जिज्ञासू नव्हते काय? होते, आणि आतुरही होते. हवे होते तेच त्यांना दिसले. ती आतुरता ओसरायला, इतरत्र सापडलेल्या जीवाश्मांशी हा नमुना जुळत नाही हे ध्यानात यायला आणि हाडांतील फ्लुओरिनवरून वय पडताळण्याची पद्धत वापरात यायला काळ लागला. शिवाय काही सत्ये अशी असतात की जिथे वाट पाहण्यावाचून गत्यंतरच नसते. एडमंड हॅली यांनी आपला धूमकेतू १७५८ मध्ये परतेल असे गणिताने सांगितले आणि १७४२ मध्ये ते वारले. धूमकेतू १७५८ च्या डिसेंबरात दिसला. त्याला घाई करणे कोणाच्याही हाती नव्हते.

अनिमिष

हॅलींच्या बाबतीत माझी हरकत एवढीच की, ते गणित कोणी मांडले नसते तर १७५८ चा धूमकेतू येऊन निघून गेला असता आणि त्यातून काहीच सिद्ध झाले नसते.

मला हा विषय इतका का लागतो तेही सांगतो. आजोबांच्या कागदपत्रांत मला एक पत्र मिळाले, ज्यात त्यांनी एका भावाची क्षमा मागितली आहे. असा भाऊ होता हेच आम्हांला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असावे अशी एकच आत्या होती. 'पुढच्या भेटीत विचारू' असे म्हणत मी दोन वर्षे घालवली आणि ती गेली. पत्र माझ्याजवळ आहे, त्यातील प्रत्येक शब्द मला वाचता येतो, आणि तरीही ते मला कळत नाही.

सबुरी

आपले दुःख मी समजू शकतो, आणि तरीही माझा अनुभव उलटा आहे. वडिलांनी ऐन उमेदीत नोकरी का सोडली, हे मी वयाच्या विसाव्या वर्षापासून त्यांना खोदून खोदून विचारत आलो आणि प्रत्येक वेळी ते अधिकच गप्प होत गेले. मग मी विचारणे सोडले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका संध्याकाळी खिडकी लावता लावता, त्यांनी आपण होऊन सगळे सांगितले. त्या दिवशी मी काहीही विचारले नव्हते.

मीमांसक

पण ते सांगत असताना आपण ऐकायला तिथे थांबलात, आणि इतक्या वर्षांनीही तो प्रश्न आपल्या मनातून गेलेला नव्हता. नाहीतर ते कोणाला सांगत होते?

सबुरी

हे मात्र मला मान्य करावे लागेल.