प्रौढांच्या इंग्रजी वर्गात संकटातलं बोलणं पहिल्याच आठवड्यात शिकवावं का?

फळाखडू (धागाकर्ती)

परक्या देशात येऊन इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांची पुस्तकं बहुतेक एकाच क्रमानं जातात. नाव, कुटुंब, आवडीनिवडी, खरेदी, हवामान. आग, अपघात, विषबाधा हे धडे अगदी शेवटी. तोवर कामाच्या पाळ्या आणि घरच्या अडचणींमुळे वर्गातले कितीतरी जण गळालेले असतात. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्यापर्यंत हा धडा पोचतच नाही.

माझं ठाम मत आहे की हा धडा पहिल्या आठवड्यात यावा. आवडता रंग सांगता आला नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. व्याकरणाचीही वाट पाहू नये. "हजबंड नो ब्रीदिंग" एवढ्यावर रुग्णवाहिका निघते. आधी क्रमांक पाठ हवा, कारण तो सगळीकडे सारखा नाही: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघात ११२. मग पत्ता, मग काय झालं ते. पत्ता आधी, म्हणजे फोन मध्येच तुटला तरी मदत कुठे पाठवायची हे कळलेलं असतं.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. अनेक घरांत हे फोन शाळकरी मुलं करतात, कारण इंग्रजी फक्त त्यांना येतं. आई खाली कोसळलेली असताना आठ-नऊ वर्षांच्या मुलानं तिची लक्षणं इंग्रजीत सांगायची, हे ओझं त्याच्यावर का?

ओसरी

असहमत. या वर्गांत युद्धातून, जळत्या घरातून बाहेर पडलेली माणसं असतात. पहिल्या आठवड्यात शिक्षिकेचा चेहरा नवा, शेजारी बसलेला नवा, आणि समोर आगीचं चित्र. काही जण गप्प होतील, काही दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत. आधी ओळख होऊ द्या, वर्गात थोडा विश्वास येऊ द्या. शिवाय अनेक देशांत मदतीच्या फोनवर दुभाषा जोडून देतात. नवशिक्याला आपल्या भाषेचं इंग्रजी नाव स्पष्ट सांगता आलं तरी सुरुवातीला पुष्कळ आहे.

फळाखडू

चित्र दाखवायलाच हवं असं कुठे आहे? आपला पत्ता न अडखळता सांगणं, दूरध्वनी क्रमांक एकेक अंक सुटा करून सांगणं, यात भिववणारं काही नाही. भाषेचं नाव सांगायला शिकवण्याची सूचना मात्र मी नक्की घेणार. पण दुभाषा जोडायलाही वेळ जातो, आणि तोवर पत्ता तर द्यावाच लागतो.

रात्रपाळी

मी मदतीचे फोन घेण्याचं काम करते, म्हणून तुमच्या दोघांच्याही पलीकडचं सांगते. पाठ केलेलं वाक्य माणसं एका दमात म्हणून टाकतात. मग मी प्रश्न विचारते आणि पलीकडून तेच वाक्य पुन्हा येतं. बोलायला शिकवलेलं असतं, ऐकायला नाही. फोनचा बहुतेक वेळ प्रश्नोत्तरांत जातो. सराव त्याचा हवा.

नेमकं कुठे अडतं ते पाहा. फिफ्टीन की फिफ्टी हे घाबरलेल्या आवाजात कळत नाही, म्हणून "वन फाइव्ह" असं अंक तोडून सांगायला शिकवा. मजल्याचा घोळ वेगळाच: ब्रिटनमधला फर्स्ट फ्लोअर अमेरिकेत सेकंड फ्लोअर असतो. अनेक ठिकाणी मोबाइलवरून जागा आपोआप कळते, पण कितवा मजला ते त्यातून भरवशानं समजत नाही.

सर्वांत धोक्याचं म्हणजे नकारार्थी प्रश्न. "श्वास घेत नाहीये का?" असं विचारलं तर आपण मराठीत म्हणतो, "हो, नाही घेत." हाच "येस" इंग्रजीत गेला, तर ऐकणारा समजतो की श्वास चालू आहे. आम्ही असे प्रश्न टाळतो, पण गडबडीत शेजारीपाजारी विचारतातच. उत्तर पूर्ण वाक्यात द्यायची सवय लावा: "नो, ही इज नॉट ब्रीदिंग."

आणि शेवटी सूचना पाळणं. हृदय बंद पडलं असेल तर छाती कशी दाबायची ते फोनवरून सांगतात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. "पुश हार्ड", "डोन्ट स्टॉप", "काउंट विथ मी" हे ऐकून हात चालले पाहिजेत.

दिवाबत्ती

रात्रपाळी, प्रश्नोत्तरांचं पटलं, पण ठरीव शब्दांना इतकं कमी लेखू नका. १९९० साली आव्हियांका या कोलंबियाच्या विमान कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. इंधन संपत चाललंय हे वैमानिकांनी सांगितलं होतं, "प्रायॉरिटी" मागितली होती, पण "इमर्जन्सी" हा शब्द नियंत्रण कक्षापर्यंत गेलाच नाही. समुद्रावर तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली जहाजांसाठी ठरीव इंग्रजी वाक्यांचा संचच स्वीकारला. भीतीत डोकं चालत नाही, तेव्हा पाठ केलेलंच तोंडी येतं.

ओसरी

याच अपघातातून मला उलट दिसतं. त्या वैमानिकांना इंग्रजी येत होतं. कमी पडलं ते ठासून सांगणं. प्रौढ नवशिक्याचंही तेच होतं. शब्द येतात, पण आवाज खाली जातो, आधी माफी मागितली जाते, "मे बी लिटल प्रॉब्लेम" असं म्हटलं जातं. हे धैर्य पहिल्या आठवड्यात पाठांतरानं येत नाही. म्हणूनच विश्वासाचा मुद्दा मी सोडत नाही.

लोहारगाता

इतका वेळ सगळे फोनबद्दलच बोलताहेत. मी कारखान्यात नव्या कामगारांना शिकवतो. रोजचा धोका फोनपर्यंत पोचायच्या आधीच बोलून टाळायचा असतो. "स्टॉप!", "बिहाइंड यू!", "डोन्ट टच, हॉट!" हे ओरडून सांगता यायला हवं. वर्गात सगळं हळू आवाजात, नम्रपणे शिकवतात. ओरडण्याचा सराव कुणी घेत नाही.

त्याहून अवघड म्हणजे वरिष्ठाला सांगणं. यंत्राचं संरक्षक झाकण काढलेलं आहे, शिडी हलते आहे, ब्लीच आणि अमोनियाचं क्लीनर एकत्र ओतायला सांगितलंय. हे दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो, कामगाराला ते माहीतही असतं. पण इंग्रजी तुटकं, नोकरी नवी, म्हणून तो मान डोलावतो. "धिस इज नॉट सेफ. आय विल नॉट डू इट. प्लीज शो मी." ही तीन वाक्यं मी कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापेन. डब्यांवरच्या सूचनांचंही तेच. रसायनांच्या आंतरराष्ट्रीय लेबल पद्धतीत "डेंजर" हा "वॉर्निंग"पेक्षा गंभीर, हे किती जणांना शिकवलं जातं?

ओसरी

"आय विल नॉट डू इट" म्हणणाऱ्याला उद्या कामावरून काढलं तर? वाक्याबरोबर त्याचा हक्क काय आणि तक्रार कुठे करायची हेही शिकवणार असाल, तर पाठिंबा. नुसतं वाक्य देऊन त्याला पुढे ढकलू नका.

लोहारगाता

बरोबर. दोन्ही एकाच तासाला शिकवायला हवं, आणि तो तास घेताना वरिष्ठ खोलीत नकोत.

फळाखडू

क्रमाबद्दल माझं मत बदललेलं नाही, पहिला आठवडाच. मात्र प्रश्नोत्तरांचा सराव मी यात धरला नव्हता, तो घेईन. दोघं जण पाठीला पाठ लावून बसतील, म्हणजे फोनसारखंच चेहरा दिसणार नाही. ज्याला नको त्यानं फक्त ऐकावं. रात्रपाळी, तुमच्याकडे सुरुवातीला विचारले जाणारे प्रश्न त्याच क्रमानं इथे लिहाल का?

रात्रपाळी

देशोदेशी क्रम थोडा बदलतो, पण साधारण असा: कुठे आहात, फोन नंबर काय, काय झालं, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नेहमीसारखा चालू आहे का. शेवटच्या प्रश्नातलं "नॉर्मली" मुद्दाम शिकवा. हृदय बंद पडल्यावरही काही जण थांबून थांबून आचके देतात. ते पाहून घरचे "येस, ब्रीदिंग" म्हणतात आणि छाती दाबायला उशीर होतो.